कॉमिक आणि गेमच्या चित्रांमधली बाई, पुरुष आणि बाकी सगळे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी संभाजीनगरात कॉमिक आणि गेम आर्ट शिकवते. बॅचला परभणी, जालना, बीडकडची पण पोरंपोरी असतात, काही ऑनलाइन, आणि कॅरेक्टर डिझाइनचा भाग सुरू झाला की दरवेळी हेच प्रश्न येतात, पोरांकडून वर्गात आणि त्यांच्या आईबापांकडून व्हॉट्सअपवर. प्रत्येकाला वेगळं टाईप करत बसण्यापेक्षा एकदाच नीट लिहून ठेवते. विषय मला लई जवळचा आहे, त्यामुळं काही उत्तरं लांबलीत.

मॅडम, नुसतं चित्र तर आहे, एवढं काय त्यात?

फोटोत कॅमेऱ्यासमोर जे असतं ते येतं, चित्रात एकही रेष आपोआप येत नाही. कंबर किती बारीक, टाच किती उंच, बघणाऱ्याचा डोळा गुडघ्याच्या उंचीवर ठेवायचा का चेहऱ्यासमोर, मारामारी चालू असताना पात्राच्या तोंडावर घाम दाखवायचा का ओठांवर चमक, हे सगळं कुणीतरी बसून ठरवलेलं असतं. गेममध्ये तर ते कॉन्सेप्ट आर्टिस्ट, मॉडेलर, अ‍ॅनिमेटर, आर्ट डायरेक्टर असं चार टेबलांवरून पास होऊन येतं. म्हणून मी पोरांना एकच प्रश्न लावायला शिकवते: हे शरीर या गोष्टीत काय करतंय? पळतंय, लपतंय, ओझं उचलतंय, विचार करतंय, का फक्त बघून घ्यायला ठेवलंय? बाईच्या चित्राला पण लावा, पुरुषाच्या पण. खालची बहुतेक उत्तरं याच प्रश्नातून निघतात.

सगळ्या पोरी एकसारख्याच कामून दिसतात?

हे तुमच्या लक्षात आलं हेच लई चांगलं आहे. सावलीची टेस्ट करून बघा, पात्र पूर्ण काळ्या रंगानं भरायचं आणि नुसत्या आकारावरून ओळखू येतंय का बघायचं, गेम कंपन्यांमध्ये खरोखर असंच करतात कारण खेळताना दुरून अर्ध्या सेकंदात समोरचा कोण ते कळावं लागतं. २००७ ला आलेला टीम फोर्ट्रेस २ हा गेम या बाबतीत सगळे जण दाखवतात, नऊ पात्रं आणि नऊच्या नऊ सावल्या वेगळ्या, जाडा, काडी, बुटका, वाकलेला. पण त्या नऊमध्ये उघडपणे बाई असलेलं एक पण पात्र नाही (पायरो मास्कमध्ये असतो, त्याचं काही कळत नाही). म्हणजे आकारांची सगळी श्रीमंती पुरुषांच्या वाट्याला.

बाकी कितीतरी गेम आणि कॉमिकमध्ये हेच दिसतं, पुरुषांमध्ये म्हातारा, टकला, ढेरपोट्या, कुबड आलेला, डोंगराएवढा सगळे चालतात आणि बाईला एकच साचा, वय बावीस-पंचवीस, हनुवटी टोकदार, नाक दोन ठिपक्यांचं, फक्त केसांचा रंग बदलायचा. खरा माणूस उंचीला साधारण साडेसात डोक्यांचा असतो, चित्रकलेत आठ डोक्यांचा शिकवतात आणि सुपरहिरो साडेआठ-नऊपर्यंत ताणतात. ताणायला माझी काहीच हरकत नाही, ताणणं हाच तर कॉमिकचा जीव आहे. पण एकाला शंभर दिशांनी ताणायचं आणि दुसरीला एकाच दिशेनं, हे बरोबर नाही.

आपल्या एलिमेंटरी-इंटरमीजिएट चित्रकला परीक्षांच्या स्मरणचित्रात पण हेच चालतं बरं का. गाईडमधून पाठ केलेली बाई, डोक्यावर घागर, पाठमोरी, आणि पुरुष बैलगाडीवर नाहीतर दुकानात माल मोजताना. बाजाराचा विषय आला की भाजी विकणारी बाई खाली बसलेली आणि पुरुष उभे. आता तुमच्या गावच्या आठवडी बाजारात जाऊन बघा, बाया ओरडून भाव सांगत असतात, पोती ओढत असतात, गिऱ्हाईकाशी भांडत असतात. ते कागदावर येतच नाही कारण आपण डोळ्यानं बघितलेलं सोडून हातानं पाठ केलेलं काढतो.

हे आधीपासून असंच आहे का?

सरळ रेषेत नाही, वरखाली होत गेलेलं आहे. वंडर वुमन आली १९४१ च्या शेवटी, विल्यम मोल्टन मार्स्टन नावाच्या मानसशास्त्रज्ञानं लिहिली आणि एच. जी. पीटर यांनी काढली, रणगाडे उचलणारी बाई. पण तीच वंडर वुमन सुपरहिरोंच्या जस्टिस सोसायटीत गेली तेव्हा तिला पद मिळालं सेक्रेटरीचं, म्हणजे ताकद कुणाच्याच मागं नाही आणि काम सभेची नोंद ठेवायचं. १९५४ ला अमेरिकेत कॉमिक्स कोड आला, त्यात चक्क नियम होता की बायांची चित्रं वास्तव काढावीत, शरीर फुगवून दाखवू नये. वाचायला छान वाटतं, पण त्याच कोडात असं पण होतं की प्रेमकथांमध्ये घराचं महत्त्व आणि लग्नाचं पावित्र्य ठसवलं पाहिजे. म्हणजे शरीर झाकलं आणि सोबत गोष्ट पण चौकटीत बसवली. नुसतं कपडे वाढवून प्रश्न सुटत नाही हे मला या कोडाकडं बघून फार पटतं.

गेममध्ये १९८१ चा डाँकी काँग, वर अडकलेली बाई आणि खालून चढणारा गडी. १९८२ ची मिस पॅकमॅन म्हणजे पॅकमॅनचाच पिवळा गोळा, त्याला रिबन आणि लिपस्टिक लावली की बाई झाली. १९८५ ला मारिओची राजकन्या, पुन्हा पळवून नेलेली. तिला स्वतःचा मोठा गेम मिळाला २००५ मध्ये आणि त्यात तिची शक्ती काय, तर रडणं, चिडणं, आनंदी होणं, शांत होणं, या चार भावना. १९८६ च्या मेट्रॉइडमध्ये मात्र चिलखतातलं पात्र शेवटी हेल्मेट काढतं आणि ती बाई निघते, त्या काळात खेळणाऱ्यांना धक्काच होता. पण तिथं पण जितक्या लवकर गेम संपवाल तितके तिचे कपडे कमी, म्हणजे तिचं शरीर खेळणाऱ्याचं बक्षीस करून टाकलं. एकाच गेममध्ये दोन्ही गोष्टी आहेत आणि म्हणूनच मी वर्गात तो नेहमी दाखवते.

१९९६ ची टूम रेडरवाली लारा क्रॉफ्ट पण तशीच. ती हुशार, एकटी फिरणारी, कुणाची वाट न बघणारी, त्यामुळं जगभरच्या कितीतरी पोरींना ती आपली वाटली, आणि जाहिरातीत तिला जसं मांडलं त्यात तिच्या हुशारीचा पत्ता नव्हता. २०१३ मध्ये तिला नव्यानं काढलं, अंगावर चिखल, जखमा, थंडीनं कुडकुडणं, शरीर वजनदार आणि खरं. फरक बघायचा असेल तर दोन्ही चित्रं शेजारी ठेवून आपला प्रश्न लावा.

आपल्याकडच्या कॉमिक्सचं काय?

आपल्या आईबापांच्या पिढीनं इंद्रजाल कॉमिक्स वाचलेत, १९६४ ला सुरू झाले, त्यातल्या वेताळची (फँटमची) मैत्रीण डायना युनोत काम करणारी, पट्टीची डायव्हर, तरी किती वेळा तिला पळवून नेलं आणि वेताळनं सोडवलं याचा हिशोब नाही. १९६७ पासून अनंत पै यांची अमर चित्र कथा आली. तिचं माझ्यावर ऋण आहे, झाशीची राणी घोड्यावर पहिल्यांदा मी तिथंच बघितली. पण तिथल्या नायिका जवळजवळ सगळ्या गोऱ्या, सडसडीत, डोळे खाली, आणि राक्षस-राक्षसिणी काळ्या, जाड्या, दात बाहेर. काळा रंग आणि जाड शरीर म्हणजे वाईट, हे लेकराच्या डोक्यात एक शब्द न बोलता बसतं. आपल्या मराठवाड्यात उन्हानं रापलेल्या रंगाची माणसं घरोघरी आहेत आणि तरी पोरी स्वतःचं पात्र काढायला बसल्या की आधी फिका गुलाबी रंग हातात घेतात. मी त्यांना आपला हात कागदाशेजारी ठेवून रंग मिसळायला लावते.

राज कॉमिक्सचा नागराज १९८६ चा, सुपर कमांडो ध्रुव १९८७ चा. नागराजचे सुरुवातीचे अंक प्रताप मुळीक यांनी काढले, ज्यांनी अमर चित्र कथेतही भरपूर काम केलं, त्यामुळं रेषेचं ते वळण तसंच पुढं आलेलं दिसतं. ध्रुवची मानलेली बहीण श्वेता हीच चंडिका, ती स्वतः यंत्रं बनवते, मला ती फार आवडते, पण मुखपृष्ठावर भाऊच जास्त. मराठीत चिंटू १९९१ ला सकाळमध्ये आला, चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा, त्यातली मिनी-नेहा या पोरी टोळीत बरोबरीनं भांडतात, चिडवतात, आणि त्यांना काढायला वेगळा साचा लागलेला नाही. साध्या रेषेतच हे जमतं.

२०१४ मध्ये प्रियाज शक्ती नावाचं कॉमिक आलं, बलात्कारातून वाचलेली पोरगी त्याची नायिका, आणि अत्याचार मिटक्या मारत दाखवायचा नाही हे त्यात सांभाळलंय. आणि पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा राजी, २०२० चा, सर्कशीत कसरत करणारी पोरगी पळवून नेलेल्या भावाला सोडवायला निघते, पहाडी चित्रशैलीतून उचललेले रंग, आणि तिची प्रत्येक हालचाल कसरतवालीची. हा गेम मी सगळ्यांना बघायला सांगते कारण मराठी मुलखात बसून हे होतं, त्याला कॅलिफोर्निया लागत नाही.

बायकांच्या पोज एवढ्या विचित्र का काढतात?

कारण एकाच चौकटीत समोरून छाती पण दाखवायची असते आणि मागून कुल्ले पण, मग कंबर अशी पिळतात की खऱ्या माणसाचा मणका जागेवर राहणार नाही. २०१४ मध्ये स्पायडर-वुमनच्या पहिल्या अंकासाठी मिलो मनारा यांनी काढलेलं पर्यायी मुखपृष्ठ यावरूनच गाजलं. छतावर चढणारी नायिका, पण चढताना हात कुठं टेकतो, वजन कुठल्या गुडघ्यावर येतं, याच्याशी चित्राला काही देणंघेणं नव्हतं. त्याच्याआधी २०१२ ला हॉकआय इनिशिएटिव्ह नावानं चित्रकारांनी एक काम सुरू केलं, नायिकेची पोज जशीच्या तशी हॉकआय या पुरुष पात्राला द्यायची. बघताक्षणी कळतं की पोज कुणासाठी होती. २०१६ मध्ये ओव्हरवॉच हा गेम येण्याआधी त्यातल्या ट्रेसर या नायिकेची एक विजयाची पोज एका खेळाडूच्या तक्रारीनंतर कंपनीनं बदलली, त्याचं म्हणणं एवढंच होतं की ही पोज त्या पात्राच्या स्वभावाची नाही. मला ही तक्रार फार नेमकी वाटते.

वर्गात आम्ही सोपं करतो. काढलेली पोज स्वतः उभं राहून करून बघायची, दहा सेकंद टिकत नसेल तर खोडायची. पोरांनी पण करायची, पोरींनी पण.

चिलखताला छातीचे दोन उंचवटे काढायचे का नाही?

नका काढू. चिलखताचं काम वार बाहेरच्या बाजूला घसरवायचं, म्हणून पुढचा भाग मधोमध उंच आणि दोन्हीकडं उतरता ठेवतात. दोन वेगळे उंचवटे केले की तलवार मधल्या खाचेत घसरते, तिथंच छातीचं हाड असतं. आणि चिलखताखाली जाड कपड्यांचे थर असतात, त्यामुळं शरीराचा आकार तसाही बाहेर दिसत नाही. जुन्या वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट गेममध्ये तर काही वेळा एकच पँट पुरुष पात्राला घातली की पूर्ण पाय झाकायची आणि बाई पात्राला घातली की चड्डी व्हायची. कपड्याला काम असतं. कमला खानचा पोशाख बघा (मिस मार्व्हल कॉमिकची मुसलमान नायिका, २०१४), पोहण्याच्या अंगभर कपड्यातून उगवलेला आणि ओढणीसारखा स्कार्फ, पोरगी कुठल्या घरातली ते एका नजरेत कळतं. आपल्याकडं काष्ट्याचं नऊवार आहे, घोड्यावर बसता येतं, शेतात वाकता येतं, पळता येतं. डिझाइनला यापेक्षा चांगलं काय पाहिजे.

अजिंठा-वेरूळला तर उघड्या अंगाच्या बाया आहेत, ते चालतं आणि गेममधलं चालत नाही, असं कसं?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त आवडतो आणि आपल्याच भागात तो येऊ शकतो, कारण अजिंठा आपल्याला बसनं जाण्याएवढा जवळ आहे.

पहिल्या लेण्यातला पद्मपाणी आठवा. पुरुष आहे, पण खांदे उतरते, कंबर बारीक, शरीर तीन ठिकाणी वळलेलं, हातात कमळ, डोळे अर्धे मिटलेले, गळ्यात मोत्यांच्या माळा, डोक्यावर मुकुट, वरचं अंग उघडं. आजच्या गेमच्या भाषेत ही पोज, हे दागिने सगळं बायकी म्हणून बाजूला टाकतील. पाचव्या शतकातल्या त्या चित्रकारांना पुरुषाची नजाकत दाखवायला काही अडचण वाटली नाही, आणि उघडं अंग बाईपुरतं ठेवलेलं नाही, राजे, नोकर, भिक्षू, दासी सगळ्यांचे कपडे त्या काळाच्या रीतीचे. कातडीचे रंग पण बघा, सावळी माणसं सन्मानानं बसलेली. सोळाव्या लेण्यात ती राजकन्या आहे, नवरा भिक्षू झाल्याचं कळून कोसळलेली, तिच्या मानेचा झोक आणि बोटांची ढिलाई बघा. अंग उघडं आहे पण बघणाऱ्याला तिचं दुःखच दिसतं कारण प्रत्येक रेष त्या दुःखासाठी ओढलीय.

वेरूळच्या कैलासातली महिषासुरमर्दिनी बघा, लढणारी, आणि तुळजापूरची आपली भवानी पण त्याच रूपातली, अष्टभुजा, महिषासुराला मारणारी. हे शरीर काय करतंय, याचं उत्तर दगडात आहे.

पण म्हणून आपल्या परंपरेत सगळं बरोबरच होतं असं पण मी म्हणणार नाही. अजिंठ्याला दान देणारे राजे आणि मंत्री होते, सोळावं लेणं वाकाटकांच्या हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव यानं दिलेलं, त्यामुळं दरबारातल्या बाया शोभेसाठी उभ्या केलेल्या तिथं पण सापडतात. प्रत्येक चित्र वेगळं बघावं लागतं. उघडं अंग म्हणजे वाईट आणि झाकलेलं म्हणजे चांगलं, असा सोपा नियम करता येत नाही, अजिंठ्यात तर अजिबातच नाही.

पुरुष पण तर अवास्तवच काढतात, मग बाईचीच तक्रार का?

काढतात, आणि त्याचा पोरांना त्रास होतो हे मी जवळून बघायलेय. फरक एवढा की पुरुषाचे दंड फुगवलेले असतात ते खेळणाऱ्या पोराला "मी असा होईन" वाटावं म्हणून, त्याची ताकद गोष्टीत कामाला येते. बाईचं शरीर फुगवतात ते बहुतेक वेळा त्याच पोरानं बघावं म्हणून. दोन्हीकडं बघणारा तोच.

पण "मी असा होईन" यात पण सापळा आहे. गावागावात जिम झाल्यात, पावडरचे डबे आलेत, बारावीतलं पोरगं आरशासमोर स्वतःला खोटं ठरवतं कारण त्याच्या डोळ्यासमोर नव्वदच्या दशकातल्या कॉमिकपासून चालत आलेली छाती आहे, डोकं बारीक आणि मान नाहीच. त्याला मी अविनाश साबळेचा फोटो दाखवते. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा गडी, ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये २०२२ ला राष्ट्रकुलचं रौप्य आणि पुढच्या वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण. पाय लांब, अंग काटक, दंड बारीक. हा हिरो नाही तर कोण? असं शरीर असलेला नायक तुमच्या कॉमिकमध्ये कधी दिसणार? आणि पुरुष पात्रं रडत नाहीत, घाबरत नाहीत, लेकराला कडेवर घेत नाहीत, हे पण चित्रातून शिकवलेलंच आहे.

दंड असलेली बाई काढली तर बाई वाटत नाही, असं सगळे म्हणतात.

२०२० मध्ये द लास्ट ऑफ अस पार्ट २ या गेममधल्या अ‍ॅबीवरून हेच झालं, जगभर लोक भांडले की बाईचे दंड असे नसतात. कंपनीनं ते शरीर क्रॉसफिट खेळाडू कॉलीन फॉच हिच्यावरून घेतलेलं, म्हणजे जितीजागती बाई समोर होती.

हे म्हणणं मला मराठवाड्यात तर अजिबात समजत नाही. दिवाळीच्या सुमारास बीड, धाराशिव, परभणीकडनं ऊसतोडीला गाड्या निघतात. त्या बाया दिवसभर वाकून ऊस तोडतात, मोळ्या बांधतात, डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढतात, आणि मुकादम हिशोब नवराबायकोच्या जोडीचा करतो. त्यांचे खांदे बघा, मनगटं बघा, तळवे बघा. खो-खोचा पहिला विश्वचषक २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला झाला, आपल्या मुलींनी जिंकला, कर्णधार प्रियांका इंगळे मूळची बीड जिल्ह्यातली. खांबाभोवती वळताना मांडीवर जो ताण येतो तो काढून बघा, सहा महिने प्रॅक्टिस पुरेल. ओव्हरवॉचची झार्या वेटलिफ्टर आहे म्हणून रुंद आहे, तिथं कुणाला कारण विचारावं लागत नाही. शरीर कामातून घडतं, म्हणून आधी पात्राचं काम ठरवा.

कॉमिकमध्ये बाई मरतेच का नेहमी?

१९९४ च्या ग्रीन लँटर्नच्या एका अंकात नायकाच्या मैत्रिणीला मारून फ्रिजमध्ये कोंबलेलं दाखवलं, आणि १९९९ मध्ये गेल सिमोन या लेखिकेनं (तेव्हा ती चाहती होती, पुढं कॉमिक लिहायला लागली) अशा पात्रांची यादीच केली, ज्या फक्त नायकाला राग यावा म्हणून मारल्या, छळल्या, नाहीतर त्यांची शक्ती काढून घेतली. यादी बघून पोट ढवळतं. माझा मुद्दा पात्र मरू नये असा नाही. ती मेल्यावर गोष्ट तिची राहते का, तिला आधी स्वतःचं काही पाहिजे होतं का, एवढं बघा. अ‍ॅलिसन बेक्डेलनं १९८५ ला तिच्या कॉमिकच्या पट्टीतच एक चाचणी दिलीय, दोन बाया असाव्यात, एकमेकींशी बोलाव्यात आणि पुरुष सोडून दुसऱ्या कशावर तरी बोलाव्यात. आपल्या आवडत्या कॉमिकला लावून बघा.

मग सेक्सी काहीच काढायचं नाही का?

काढा की. शरीर सुंदर असतं आणि ते काढायला शिकणं हा चित्रकलेचा पाया आहे. २००९ च्या बेयोनेटा या गेमच्या नायिकेचं डिझाइन मारी शिमाझाकी या बाईनं केलं, ते पात्र पुरतं मादक आहे आणि ती स्वतः त्याची मालकीण आहे असं तिच्या चालण्यातून दिसतं. तरी कॅमेरा कधीकधी तिच्या नजरेतून न बघता तिच्या शरीरावर फिरतो असं म्हणणाऱ्या पण बाया आहेत, आणि मला दोन्ही बाजू पटतात. पात्र आणि कॅमेरा हे दोन वेगळे निर्णय आहेत, ते वेगवेगळे तपासा. लहान लेकरांच्या चेहऱ्याची पात्रं तशा नजरेनं काढणं मात्र माझ्या वर्गात चालणार नाही, त्यावर चर्चा पण नाही.

पोराच्या वहीत उघड्या बायांची चित्रं सापडली, काय करू?

वही फाडू नका. चौदा-पंधराचं पोरगं जे मोबाईलवर बघतं तेच उतरवतं, आणि बरेचदा ते रेषेची प्रॅक्टिस म्हणूनच सुरू झालेलं असतं. शांतपणे विचारा, हिचं नाव काय, ही कुठं राहते, हिला काय येतं. नाव दिलं की पोरं स्वतःच तिला कपडे घालतात, हातात काहीतरी देतात, कुठंतरी उभं करतात. हे बोलणं वडिलांनी पण करावं, सगळं आईवर टाकू नका. वर्गातल्या खऱ्या पोरीचा चेहरा लावून काढलं असेल तर मात्र गप्प बसायचं नाही, ते त्या पोरीच्या परवानगीशिवाय तिच्या अंगाला हात लावण्याएवढंच आहे हे स्पष्ट सांगा.

मुली गेम खेळतात का पण?

खेळतात, बीजीएमआय (मोबाईलवरचा गोळीबाराचा गेम) पण खेळतात, रँक पण असते. पण बऱ्याच जणी आयडी पोराच्या नावानं ठेवतात आणि माइक बंद ठेवतात, कारण आवाज ऐकला की समोरचे काय बोलतात ते त्यांना माहितंय. आणि पोरं मात्र पोरीची स्किन (गेममधलं रूप) घेऊन खुशाल फिरतात.

तृतीयपंथी पात्र कसं काढायचं?

आधी थट्टा आणि भीती या दोन गोष्टी बाजूला ठेवा, कारण आजपर्यंत अशा माणसांना एकतर हसायला नाहीतर खलनायक म्हणून काढलंय. आपल्याला हे लोक परके नाहीत, देवीचे जोगते, लुगडं नेसलेले, गळ्यात कवड्यांची माळ, हातात परडी, आपण त्यांच्या पाया पडतो. पाया पडतो आणि त्याच माणसाला बसस्टँडवर हसतो, हे पण खरं. २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टानं तृतीयपंथीयांना स्वतःची ओळख सांगण्याचा हक्क मान्य केला. गेममध्ये सेलेस्टची मॅडलिन (२०१८) डोंगर चढणारी पोरगी, ती ट्रान्स असल्याचं बनवणाऱ्या मॅडी थॉर्सननं २०२० ला सांगितलं, आणि पात्र म्हणून ती आधी घाबरणारी, हट्टी, चढत राहणारी माणूस आहे. आता एल्डन रिंग, बाल्डर्स गेट ३ अशा गेममध्ये पात्र बनवताना शरीराचा प्रकार वेगळा निवडता येतो, "पुरुष का स्त्री" एवढ्यावर अडत नाही. चित्र काढण्याआधी शक्य असेल तर त्या माणसांशी बोला, विचारून काढा.

एआयनं कॅरेक्टर बनवलं तर चालेल का?

करून बघा आणि "योद्धा बाई" एवढंच लिहा, काय येतं ते पोरींना दाखवा. जुनी लाखो चित्रं खाऊनच ते शिकलंय, त्यामुळं जुना साचा भराभर परत देतं. माझ्या वर्गात फायनल कामाला नाही चालत.

पोरीला यातच करिअर करायचंय, पोर्टफोलिओत काय ठेवावं?

इंटरमीजिएट झाली असेल तर चांगलंच, बारावीनंतर बीएफए (चित्रकलेची पदवी) आहे, संभाजीनगरात शासकीय चित्रकला महाविद्यालय आहे, चौकशी तिथंच करा. पोर्टफोलिओत (म्हणजे आपल्या निवडक कामांच्या फाईलीत) स्टुडिओवाले चमचमीत नायिकांपेक्षा वेगवेगळी शरीरं बघतात. एक म्हातारी काढा, एक पोटुशी बाई काम करताना, एक जाडा पोरगा पळताना, लेकराला झोपवणारा बाप, व्हीलचेअरवरचं माणूस. प्रत्येकाच्या पाच पोज, पाच चेहऱ्यावरचे भाव, एक पूर्ण काळी सावली. एसटी स्टँडवर बसून स्केच करायचे, दोन मिनिटाला एक, खोडरबर न घेता. आणि पोरीला एकटीला स्टँडवर बसू देत नसाल तर तिच्यासोबत तुम्ही बसा, तासभर, फोन खिशात ठेवून, ती काढतेय तोवर.